शाळा सुटल्यानंतरचे दोन तास: सोसायटीतल्या मुलांसाठी रोजचा खेळवर्ग कसा उभा करावा?

गोदाकाठची (प्रश्न)

नमस्कार. आम्ही नाशिकमधील एका मध्यम आकाराच्या सोसायटीत राहतो. इमारतींमध्ये पहिली ते सातवीत शिकणारी साधारण चाळीस मुले आहेत. शाळेची बस त्यांना साडेचारच्या सुमारास फाटकाशी सोडते आणि बहुतेकांचे आईवडील साडेसातच्या आत घरी पोहोचत नाहीत. मधल्या तीन तासांत काय होते, ते मी गेली दोन वर्षे पाहत आहे. दप्तर कोपऱ्यात पडते, बिस्किटांचा पुडा किंवा झटपट शेवयांची वाटी समोर येते आणि फोन हातात जातो. आजी-आजोबा मनापासून सांभाळतात, परंतु धावत्या मुलांमागे धावणे त्यांना शक्य नसते, त्यामुळे नातवंड डोळ्यांसमोर शांत बसलेले आहे यातच त्यांना समाधान मानावे लागते.

मी एका ग्रंथालयात अर्धवेळ काम करते आणि चारनंतर मोकळी असते. सोसायटीच्या समितीने पार्किंगमागची मोकळी जागा, पावसाळ्यासाठी सभागृह आणि दरमहा 4000 रुपये देण्याचे मान्य केले आहे. सोमवार ते शुक्रवार असा रोजचा वर्ग सुरू करून मुलांना खेळ, साधे सकस खाणे आणि वेळेवर झोप यांची सवय लागावी, अशी माझी इच्छा आहे.

एका अनुभवामुळे मात्र मी सावध झाले आहे. गेल्या वर्षी आम्ही बाहेरच्या एका संस्थेला महिनाभराचे आरोग्य शिबिर घेण्यास सांगितले होते. पहिल्याच दिवशी त्यांनी सर्व मुलांचे वजन एकमेकांसमोर केले आणि नावांसह तक्ता सूचनाफलकावर लावला. तिसरीत शिकणारी माझी मुलगी त्या दिवसानंतर कित्येक महिने खाली खेळायला उतरली नाही. तो तक्ता लावला जात असताना मी तिथेच उभी होते आणि काही बोलले नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

म्हणून अनुभवी मंडळींना विचारते: रोज नेमके काय घ्यावे, खाण्याचे कसे करावे, वजनाचा काटा मध्ये न आणता प्रगती कशी पाहावी, आणि «याचा अभ्यासाला काय उपयोग» असे विचारणाऱ्या पालकांना काय सांगावे?

फक्की_आणि_शिट्टी

ताई, मी सांगली जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत 31 वर्षे शारीरिक शिक्षणाचा शिक्षक होतो. आपण जे करू पाहता ते आपल्याकडे नवे नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 सालचे आहे, पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ 1924 सालचे, आणि 1941 पासून राष्ट्र सेवा दलाच्या शाखांवर संध्याकाळी मुले खेळायला आणि गाणी म्हणायला जमत आली आहेत. आमच्या भागातील तालमी तर त्याहून जुन्या आहेत. या सर्व ठिकाणी वेळ ठरलेली असे आणि मुले येवोत न येवोत, एक मोठा माणूस मैदानावर हजर असे. मुलांना त्या हजेरीचा भरवसा वाटू लागला की ती आपोआप येऊ लागतात, त्यामुळे पहिले तीन महिने एकही दिवस खाडा करू नका, दोनच मुले आली तरी त्या दोघांना खेळवा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार 5 ते 17 वर्षांच्या मुलांची दिवसाला सरासरी किमान 60 मिनिटे चांगली दमछाक करणारी हालचाल व्हायला हवी, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारे खेळ हवेत. हे ऐकून कवायतीचा तक्ता आखायला बसू नका. लंगडी, दोरीवरच्या उड्या, लगोरी, रुमाल पळवणे, विषामृत एवढ्यावर हे सगळे भागते. लंगडीत आणि दोरीवरच्या उड्यांत हाडांवर जो भार येतो, तोच त्यांना मजबूत करतो. समितीच्या पैशांतून आधी चुन्याची फक्की, दहा दोऱ्या, चार रबरी चेंडू आणि प्रथमोपचाराची पेटी आणा. बाकी काही महिनाभर लागत नाही.

एक गोष्ट मला नोकरीची दहा वर्षे उलटल्यावर उमगली. ज्या खेळांत बाद झालेला गडी बाहेर बसतो, त्या खेळांत ज्याला पळण्याची सर्वांत जास्त गरज आहे तोच मुलगा सर्वांत आधी बाहेर जातो आणि उरलेला वेळ भिंतीला टेकून काढतो. चपळ मुले अधिक चपळ होतात, मंद मुले बसून राहतात, आणि आपण समजतो की आज सर्वांचा खेळ झाला. म्हणून खेळ निवडताना बाद झालेल्याचे पुढे काय होते ते आधी पाहा. विषामृत मला यासाठी फार आवडते. «विष» मिळून थिजलेल्या गड्याला त्याचाच सोबती येऊन «अमृत» देतो आणि तो पुन्हा धावू लागतो. साखळीच्या शिवाशिवीतही पकडला गेलेला साखळीत जोडला जातो, बाहेर जात नाही. डॉजबॉलसारखे खेळ घ्यायचेच असतील, तर बाद झालेल्याला विरुद्ध संघात पाठवा.

दुसरे असे की शिक्षा म्हणून कोणालाही मैदानाच्या फेऱ्या किंवा उठाबशा देऊ नका. मी पुष्कळ वर्षे दिल्या. ज्या मुलांनी पळणे म्हणजे शिक्षा असे डोक्यात घेतले, ती मोठेपणी आनंदाने पळताना मला दिसली नाहीत. खेळात दांडगाई करणाऱ्याला पाच मिनिटे माझ्याजवळ उभे करून गुण मोजायला लावणे पुरेसे ठरते.

वेळेबद्दल सांगायचे तर डिसेंबरात नाशिकला सहाच्या आसपास सूर्य मावळतो आणि मेमध्ये सातनंतर, म्हणून वर्षभर एकच वेळ ठेवणे अवघड जाईल. हिवाळ्यात पाच ते सव्वासहा आणि उन्हाळ्यात पावणेसहा ते सात असे दोन वेळापत्रक आत्ताच लिहून लावा. शेवटची पंधरा मिनिटे मुलांना काहीही सांगू नका, त्यांना वाटेल ते खेळू द्या. सहावी-सातवीतील दोन-तीन मुलांना आळीपाळीने शिट्टी द्या, संघ पाडायला लावा. लहान मुलांना मोठ्यांपेक्षा थोड्याच मोठ्या दादा-ताईंचे अनुकरण करायला अधिक आवडते.

पावसाळ्यात सभागृहात सूर्यनमस्कार, लेझीम, फुगड्या आणि सागरगोटे घेता येतील. औंध संस्थानात भवानराव पंतप्रतिनिधींनी शाळाशाळांत सूर्यनमस्कार नेले होते, त्याला साहित्य म्हणून काहीच लागले नव्हते, एवढे समितीला जरूर सांगा.

चार_घास

मी आहारतज्ज्ञ असून पुण्यात मुलांसोबत काम करते. सरांनी खेळाचे सांगितले आहेच, मी खाण्याकडे आणि त्या काट्याकडे वळते.

आपल्या मुलांचा डबा शाळेत बहुधा अकरा-साडेअकराला होतो. साडेचारला बसमधून उतरणारे मूल खरोखर भुकेलेले असते, ते हावरट नसते. त्या भुकेला घरात जे पाच मिनिटांत मिळते ते पुड्यातले असते, म्हणून पुड्यावर बंदी घालण्यापेक्षा तयार खाणे हाताशी ठेवणे अधिक उपयोगी पडते. वर्गाची सुरुवातच खाण्याने करा: उतरल्यावर हात धुणे, वाटीभर खाणे, पाणी, मग वीस मिनिटे गोष्ट किंवा चित्रे, आणि त्यानंतर मैदान. भाजलेले शेंगदाणे आणि गूळ, फुटाणे, राजगिऱ्याची वडी, काकडी-टोमॅटो घातलेली कुरमुऱ्यांची भेळ, मोड आलेल्या मटकीची उसळ, पेरू, केळे, उकडलेले रताळे असे सहज फिरवता येईल. अंडी चालणाऱ्या घरांतील मुलांना उकडलेले अंडे उत्तम. शेंगदाण्याची किंवा अन्य कशाची ऍलर्जी कोणाला आहे का, हे पालकांकडून आधी लेखी घ्या आणि तोंडात घास असताना कोणालाही पळू देऊ नका.

शक्य तितकी तयारी मुलांच्याच हातून करून घ्या. सोमवारी मटकी भिजवायची, मंगळवारी ओल्या फडक्यात बांधायची, बुधवारी मोड किती आले ते पट्टीने मोजायचे आणि गुरुवारी खायची. घरी उसळीचे नाव काढले की तोंड फिरवणारी मुले स्वतः बांधलेल्या पुरचुंडीतली मटकी भांडून खातात, हे मी अनेकदा पाहिले आहे. लिंबू पिळणे, काकडी सोलणे, भेळ कालवणे ही कामे सहा वर्षांच्या मुलालाही नीट जमतात. चिरण्याचे काम मोठ्यांकडे ठेवा.

साखरेविषयी भाषण देण्यापेक्षा ती डोळ्यांना दाखवा. 300 मिलिलिटरच्या गोड शीतपेयात साधारण 30 ग्रॅमहून अधिक साखर असते. ती चमच्याने मोजून पेल्यात घातली की सहा चमचे होतात आणि मुले स्वतःच एकमेकांकडे पाहू लागतात. सात ते नऊ वर्षांच्या मुलाची दिवसाची ऊर्जेची गरज सुमारे 1700 किलोकॅलरी धरली, तर वरून घातलेली साखर तिच्या दहा टक्क्यांच्या आत, म्हणजे जेमतेम 42 ग्रॅमपर्यंत असावी आणि शक्यतो त्याच्याही निम्मी असावी, असे जागतिक आरोग्य संघटना म्हणते. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने 2025 मध्ये आपल्या शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावण्यास सांगितले आहे. तुमच्या मुलांनी तसा फलक स्वतः रंगवला तर अधिक छान. मात्र कोणत्याही पदार्थाला «घाणेरडा» किंवा «वाईट» म्हणू नका, कारण तो पदार्थ उद्या कोणाच्या तरी घरी वाढदिवसाला असणार आहे आणि तो खाल्ल्यावर आपण काही पाप केले असे मुलाला वाटता कामा नये.

आता वजन. तुमच्या मुलीबाबत जे झाले ते चुकीचेच होते, आणि तो तक्ता आरोग्याच्या दृष्टीनेही निरुपयोगी होता. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या गावांमध्ये गर्भवती आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळे जन्मतः सरासरी 2.7 किलोची, म्हणजे इंग्लंडमधील बाळांपेक्षा पुष्कळ हलकी होती, पण त्यांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने टिकून होती. म्हणजेच आपल्याकडे किडकिडीत दिसणारे मूल निरोगीच असेल असे धरून चालता येत नाही, आणि अंगाने भरलेले मूल आळशी आहे असेही नाही. खेळाची गरज दोघांनाही सारखीच असते. वजन आणि उंची बालरोगतज्ज्ञांच्या खोलीत, पालकांसमोर पाहिली जावी. तुमच्या वर्गात काटा आणूच नका, आणि «जाड्या», «काडी» ही संबोधने मुलांच्याच नव्हे, मोठ्यांच्या तोंडीही येऊ देऊ नका.

प्रगती पाहायचीच असेल तर एक वही करा. तीत हजेरी, महिन्यापूर्वी सलग किती उड्या जमत होत्या आणि आज किती जमतात, आणि काल रात्री किती वाजता झोप लागली, एवढेच असू द्या. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना 9 ते 12 तास झोप लागते. सकाळी साडेसहाला उठायचे असेल तर नऊनंतर जागणे परवडत नाही हे गणित मुलांना स्वतः करू द्या. हे आकडे प्रत्येकाने स्वतःच्याच मागच्या आकड्यांशी ताडायचे, शेजारच्याशी नाही.

संत्रानगरी

आम्ही नागपुरात असाच वर्ग तीन वर्षे चालवत आहोत, पण तो आमचा दुसरा प्रयत्न आहे. पहिला चार महिन्यांत बंद पडला, आणि त्याचे कारण सांगणे उपयोगी पडेल असे वाटते.

तेव्हा मी प्रत्येक गोष्टीसाठी तारे देत असे. भाजी खाल्ली तर तारा, वेळेवर आले तर तारा, आणि पन्नास तारे झाले की बक्षीस. पहिले सहा आठवडे मुले उड्या मारत येत होती. पुढे बक्षिसांचे पैसे संपले आणि तारे थांबले, तसे «आज काय मिळणार?» असे विचारून मुले परत जाऊ लागली. पेरू आवडतो म्हणून खाणारे मूल ताऱ्यासाठी पेरू खाऊ लागले, आणि तारा गेल्यावर पेरूही गेला. दुसऱ्या वेळी आम्ही एकही बक्षीस ठेवले नाही. पगारी प्रशिक्षक नेमण्याऐवजी पालकांची पाळी लावली, ज्यात प्रत्येक घराने पंधरवड्यातून एक संध्याकाळ द्यायची आणि ज्यांना कार्यालयातून येणे अशक्य आहे त्यांनी शनिवारी साहित्य आणून द्यायचे. आपला बाबा स्वतः लंगडी घालताना पाहून मुलांना जो आनंद होतो तो कोणत्याही ताऱ्याने होत नव्हता. अर्थात पाळी चुकवणारी घरे असतातच. त्यांच्यावर चिडण्यात आम्ही वेळ घालवला नाही, पण त्यांची मुले कधी परतही पाठवली नाहीत.

मला अधिक काळजी मुलींची वाटते, आणि ताई, तुम्ही आत्तापासून तिकडे लक्ष ठेवा. आमच्याकडे पाचवीपर्यंत मुली आणि मुले जवळपास सारखी येत होती. सहावीत गेल्यावर एकेक मुलगी कमी होऊ लागली, आणि विचारले तर «अभ्यास आहे» एवढेच उत्तर मिळे. शेवटी एका आजींनी मुलींशी निवांत बोलून खरी कारणे काढली. खालचे स्वच्छतागृह कुलूपबंद असायचे, पाळीच्या दिवसांत वर घरी जाऊन पुन्हा खाली येणे त्यांना नकोसे होई, आणि मैदानालगतच्या कट्ट्यावर बसणारी काही मोठी मुले त्यांच्या पळण्यावर शेरे मारत. आम्ही किल्ली मुलींच्याच हाती दिली, पेटीत पॅड ठेवले आणि कट्ट्यावरच्या मुलांशी त्यांच्या आईवडिलांसमोर बोललो. तीन आठवड्यांत पाच मुली परत आल्या. जगभरातील 11 ते 17 वयाच्या मुलामुलींपैकी 81 टक्के पुरेशी हालचाल करत नाहीत आणि त्यातही मुलींचे प्रमाण मुलांहून अधिक आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 मधील अभ्यासात आले होते. ते वाचताना मला आमची कुलूपबंद मोरी आठवली.

खो-खो जरूर घ्या. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिली खो-खो विश्वचषक स्पर्धा झाली, त्यात भारताच्या महिला आणि पुरुष अशा दोन्ही संघांनी विजेतेपद मिळवले, आणि प्रियंका इंगळे व प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते. आमच्या मुलींनी त्या अंतिम सामन्याचे चित्रण चार वेळा पाहिले आणि दुसऱ्या दिवशी स्वतःहून फक्की मारली.

दृष्टीआड

मी नेत्रतज्ज्ञ आहे, म्हणून केवळ अभ्यासाविषयी विचारणाऱ्या पालकांपुरते लिहितो. मुलांमध्ये लघुदृष्टी, म्हणजे दूरचे अंधुक दिसणे, वाढत आहे, आणि ती सुरू होण्याचा धोका कमी करणारा सर्वांत सोपा उपाय म्हणजे दिवसाउजेडी घराबाहेर वेळ घालवणे. तैवानने 2010 पासून शाळांमधून मुलांना रोज 120 मिनिटे बाहेर नेण्याचा कार्यक्रम राबवला आणि त्यानंतर तिथे वर्षानुवर्षे वाढत चाललेले लघुदृष्टीचे प्रमाण उतरू लागले. इथे व्यायामापेक्षाही उजेड महत्त्वाचा आहे, झाडाखालच्या सावलीत बसून वाचलेली गोष्टसुद्धा चालते. फळा स्पष्ट दिसणे हा अभ्यासाचाच भाग आहे असे त्या पालकांना सांगावे. त्यासाठी हिवाळ्यात वर्ग जितका लवकर सुरू करता येईल तितका करा, कारण सहानंतर दिव्यांखाली खेळून पाय दमतील, परंतु डोळ्यांना हा लाभ मिळणार नाही.

पर्वतीपायथा

सर्वांनी उत्तम लिहिले आहे. मला एकच विचारायचे आहे: या चाळीस मुलांमध्ये सोसायटीचे सुरक्षारक्षक, सफाई कामगार आणि घरकामाला येणाऱ्या मावशी यांची मुले धरली आहेत का? ती याच वेळी फाटकाजवळ किंवा जिन्यात बसून आईची वाट पाहत असतात. पुण्यात सारसबागेजवळच्या गरवारे बालभवनात 1985 पासून मुले संध्याकाळी खेळायला येत आहेत. निरनिराळ्या घरांतील मुले एकत्र खेळली की काय बदलते, ते मी लहानपणी तिथे अनुभवले आहे. आमच्या गटात लगोरी सर्वांत अचूक फोडणारा मुलगा ज्या वस्तीतून येत असे, तिथे माझ्या घरचे मला एरवी कधी जाऊ देत नसत. पुढे मी त्याच्या घरी जेवायलाही गेले.

गोदाकाठची

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले त्याबद्दल मनापासून आभार. हा धागा छापून मी रविवारी समितीच्या बैठकीत वाचून दाखवला. वजनकाटा वर्गात येणार नाही आणि कोणत्याही मुलाचे नाव फलकावर लागणार नाही, हे ठरावातच लिहून घेतले आहे. खालच्या स्वच्छतागृहाची एक किल्ली आता सातवीतल्या एका मुलीकडे असेल.

पर्वतीपायथा, आपला प्रश्न वाचून मी थांबले, कारण माझ्या चाळीसच्या मोजणीत ती मुले नव्हती. दुसऱ्या दिवशी विचारणा केली तेव्हा सात मुले निघाली, त्यातली दोन तर रोज माझ्याच इमारतीच्या जिन्यात बसत होती. एका सदस्यांनी जागा केवळ सभासदांसाठी असल्याचा मुद्दा काढला. बरीच चर्चा झाली आणि शेवटी तीन महिन्यांसाठी सर्वांना परवानगी मिळाली. तीन महिन्यांनंतर पुन्हा बोलावे लागेल, ते मी बोलेन.

सोमवारी आम्ही सुरुवात केली. पहिल्या दिवशी अकरा, दुसऱ्या दिवशी नऊ आणि काल सोळा मुले आली. सर, आपण सांगितल्याप्रमाणे विषामृताने आरंभ केला आणि खाली बसलेले मूल मला शोधूनही सापडले नाही. पालकांच्या पाळीत सध्या सहा घरे आहेत, दहा हवी आहेत. मटकी आज फडक्यात बांधली आहे.

माझी मुलगी पहिले दोन दिवस सज्जातून पाहत होती. मी तिला बोलावले नाही. काल संध्याकाळी ती फरशीचे सात तुकडे फ्रॉकच्या ओच्यात घेऊन खाली आली आणि लगोरीला दगडांपेक्षा हे नीट रचता येतात असे म्हणाली.